केनरिकांचा गुंता सुटला!

सुटला एकदाचा! मागच्या नोंदीत चेंबरलेन घराण्याच्या वंशावळीचा तक्ता फ्लॉरेन्सपाशी अडलाय असं लिहिलं होतं. पंधरा दिवस तक्त्याचा ट्रेसिंग पेपर गुंडाळूनच ठेवला होता.

जोसेफ चेंबरलेन या ब्रिटिश राजकारण्याच्या पहिल्या दोन्ही बायका माहेरच्या केनरिक. जन्मनोंदींच्या सूचीत आईचं नुसतं माहेरचं आडनाव, म्हणून १८६२ च्या बिएट्रिसपासून १८७३ च्या एथेलपर्यंत सहाही मुलांपुढे 'केनरिक'. पहिली बायको हॅरिएट १८६३ मध्ये ऑस्टिनच्या बाळंतपणात गेली, फ्लॉरेन्सशी लग्न १८६८ चं. त्यामुळे पहिली दोन हॅरिएटची आणि नेव्हिलपासूनची चार फ्लॉरेन्सची, हे सोपं होतं. पण फ्लॉरेन्स हॅरिएटची कोण? मी आपल्याकडच्या सवयीने पाठची बहीण धरली. थोरली गेली की धाकटी त्याच घरात द्यायची, आपल्या किती वंशावळींत हे सापडतं! शाईने काढूनही टाकलं.

खटकलं ते कायद्यामुळे. इंग्लंडमध्ये १८३५ नंतर मृत बायकोच्या बहिणीशी केलेलं लग्न रद्दबातल ठरायचं. ती बंदी उठली थेट १९०७ मध्ये. आणि हा माणूस १८६९ मध्ये बर्मिंगहॅमचा नगरसेवक झाला, १८७३ मध्ये महापौर. असं लग्न त्याला पचलं नसतं. मग वडिलांची नावं लावली: हॅरिएट आर्चिबाल्डची, फ्लॉरेन्स टिमथीची. दोघे सख्खे भाऊ, वेस्ट ब्रॉमविचच्या बिडाच्या भांडीवाल्या केनरिकचे मुलगे. चुलत बहिणी!

त्यानंतर सगळं भराभर जुळलं. हॅरिएटचा भाऊ विल्यम याची बायको मेरी, म्हणजे जोसेफची बहीण. हे चक्क साटंलोटं! जोसेफचा भाऊ आर्थर याने फ्लॉरेन्सची सख्खी बहीण लुईझा केली, भाऊभाऊ साडू झाले. मेरी ऑस्टिनची आत्याही आणि मामीही. लुईझा नेव्हिलची काकू आणि मावशी. दोन रंगांत दोन्ही नाती लिहिली आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. सॉफ्टवेअर या दोघींना 'आंट' म्हणतं आणि मेरीला दोनदा काढतं. माझं मत पक्कं झालंय: असली घराणी कागदावरच मांडावीत, मराठी नात्यांनी. नेटलफोल्ड जोसेफचा नुसता 'अंकल' नसून आतोबा आहे, हे कळल्यावरच अठरा वर्षांचा जोसेफ लंडनहून बर्मिंगहॅमला त्याच्या स्क्रूच्या धंद्यात का आला ते उमगलं होतं.

आता महापौर लाल शाईने भरणार होतो: १८७३ जोसेफ, १८७७ विल्यम केनरिक, १८७९ जोसेफचा भाऊ रिचर्ड. पण लिहिता लिहिता वाटतंय, जोसेफला मधोमध ठेवणंच चुकतंय. डावीकडे बूटवाले चेंबरलेन, उजवीकडे बीडवाले केनरिक, लग्नं मधल्या पट्ट्यात. नेटलफोल्ड वरून येतील. दोन शीट जोडावी लागणार, शनिवारी अप्पा बळवंत चौकात जातो. तोवर ब्लेडने शाई अलगद खरवडून फ्लॉरेन्सला टिमथीखाली हलवतोय.