मग फ्रान्समध्ये जेवलात काय?

फ्रान्सहून आल्यापासून भेटेल तो हेच विचारतो, "तुम्ही मांस-मासे खात नाही, मग तिथे जेवलात काय?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते : मसूर. पोटभर आणि अगदी आवडीनं.

लियोंहून रेल्वेनं दोन-अडीच तासांवर ल प्वी-आं-व्हले नावाचं जुनं गाव आहे. तिथे उतरलं की मान आपोआप वर जाते. घरांच्या मधूनच ज्वालामुखीच्या दगडाचे सुळके उभे. एकावर २६८ पायऱ्या चढून गेलं की दहाव्या शतकातलं सेंट मिशेलचं चिमुकलं चर्च. दुसऱ्यावर मेरीमातेचा अवाढव्य पुतळा. रशियाशी झालेल्या सेव्हास्तोपोलच्या लढाईत हाती लागलेल्या २१३ तोफा वितळवून १८६० साली उभारलेला. कॅथीड्रलच्या भिंतींतही तोच काळा दगड. मी त्याला हात लावून बराच वेळ उभी राहिले. आपल्या सह्याद्रीतल्या देवळांचा दगडही असाच आगीतून आलेला.

इथला मसूर पिकतो तोही ज्वालामुखीच्याच मातीत, सहाशे ते बाराशे मीटर उंचीवर. पश्चिमेचे डोंगर पाऊस अडवतात, ऐन उन्हाळ्यात कोरडा गरम वारा सुटतो आणि दाणा लवकर पिकतो. म्हणून साल पातळ राहतं. वाइनला आणि चीजला मिळतो तो 'आओसे' दर्जा, म्हणजे माल त्याच प्रदेशातला असल्याची सरकारी ओळख, या मसुराला १९९६ मध्ये मिळाला. कडधान्यांत हा पहिलाच.

बाजारात तो तळहातावर घेऊन पाहिला. आपल्या मसुरापेक्षा बारीक, निळसर हिरवा, वर गडद ठिपके. विकणाऱ्या आजींनी कृती खुणांनीच सांगितली : भिजवायचा नाही. गार पाण्यात टाकून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, सोबत लवंग टोचलेला कांदा, गाजर, तमालपत्र. मीठ अगदी शेवटी.

एक मात्र सांभाळा. तिथे हा मसूर बहुतेक वेळा खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, आणि सॅलडमध्येही त्याचे बारीक तुकडे असतात. "मांस नको" म्हटल्यावरही एका ठिकाणी ते माझ्या ताटात आले, कारण तेवढ्याला तिथे कुणी मांस धरत नाही. "सां लार्दों", म्हणजे 'ते तुकडे नकोत', असं स्पष्ट सांगायचं.

सगळ्यात चांगलं जेवले ते यात्रेकरूंच्या मुक्कामी. इथून स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रापर्यंत सुमारे दीड हजार किलोमीटर लोक पायी जातात. इथल्या बिशपनं दहाव्या शतकातच ती वाट चालली होती. लांब टेबलावर मधोमध मसुराचं पातेलं, ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं. दाणा न् दाणा सुटा, पण दाताखाली मऊ. वरून मोहरीची चटणी फेटलेलं तेल-व्हिनेगर आणि बारीक चिरलेला कांदा, बस्स. याला फोडणी देऊ नये, तिखट तर मुळीच नाही. शेजारच्या बाईंनी न विचारताच मला दुसऱ्यांदा वाढलं. वारीतल्या पंगतीची आठवण झाली.

तुम्ही गेलात तर शुक्रवारी रात्रीच पोहोचा. सकाळी सातला कॅथीड्रलमध्ये यात्रेकरूंसाठी प्रार्थना असते. ती संपली की मधल्या फरशीतली जाळी उघडते आणि पाठीवर ओझं घेतलेली माणसं त्या पायऱ्यांनी थेट खाली गावात उतरतात. त्यांच्या मागोमाग तुम्हीही उतरा. प्लास द्यु प्लोच्या चौकात तोवर शनिवारचा बाजार मांडलेला असतो.