बातमी संपल्यावर

सध्या रात्री जेवण झालं की मी नयन चंदांबद्दलच वाचत बसतो. आमच्या यवतमाळकडं हे नाव कोणाला फारसं माहीत नसेल. बंगाली माणूस, कलकत्त्यात शिकलेला, पुढं पॅरिसला रिसर्चला गेला आणि मग हाँगकाँगच्या ‘फार ईस्टर्न इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या साप्ताहिकासाठी इंडोचायनातून (म्हणजे व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) बातम्या देऊ लागला.

३० एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव उत्तरेकडच्या कम्युनिस्टांच्या हाती पडलं, अमेरिकन हेलिकॉप्टरं माणसं भरभरून उडून गेली, परदेशी पत्रकारही बरेच निघाले, पण चंदा थांबले आणि रणगाडे राष्ट्रपती भवनात घुसले ते त्यांनी तिथं राहून कव्हर केलं. जगासाठी बातमी तिथंच संपली. यांचं काम तिथून पुढं सुरू झालं. कारण अमेरिकेविरुद्ध एका बाजूनं असलेले कम्युनिस्टच मग एकमेकांवर उठले, डिसेंबर १९७८ मध्ये व्हिएतनाम कंबोडियात घुसला अन् १७ फेब्रुवारी १९७९ ला चीननं व्हिएतनामवर हल्ला केला (आपले वाजपेयी परराष्ट्रमंत्री म्हणून तेव्हा चीनमध्येच होते, दौरा अर्धवट टाकून परतले). कालचे भाऊ आज वैरी कसे झाले, हे चंदा कित्येक वर्षं सगळ्या बाजूंच्या लोकांना विचारत राहिले, त्यातून १९८६ मध्ये ‘ब्रदर एनिमी’ हे पुस्तक आलं. पुढं ते त्याच साप्ताहिकाचे संपादक झाले, २००१ मध्ये येल विद्यापीठात गेले. लोक म्हणतात पत्रकारी सोडून विद्वान झाले. मला तसं वाटत नाही. प्रश्न सोडला नाही म्हणून विद्वान झाले.

मी तालुक्याचा बातमीदार, म्हणून हे जास्तच लागते. २००६ मध्ये मनमोहन सिंग विदर्भात आले, शेतकरी आत्महत्या होत असलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हा गावागावात चॅनलच्या गाड्या. २०१७ ला फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली तेव्हा परत गाड्या. आमच्या गावातल्या एक काकू परवा म्हणाल्या, “बाबू, फोटो नेले रे त्याइनं, पण मंग पुढं काय झालं हे पुसाले कोणीच नाई आलं.” अन् त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. सोसायटीच्या, कृषी केंद्राच्या पावत्या, कोपरे उंदरानं कुरतडलेले, एकीवर बीटी कापसाच्या बियाण्याच्या पाकिटांची किंमत, खाली उधारीचा आकडा, त्यावर निळ्या शाईची काट. २००६ च्या आधी ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या वर जायचं, मग सरकारनं दबाव आणल्यावर साडेसातशेच्या आसपास आलं, हे आपण सगळे सांगतो, पण ते एका घराच्या हिशेबात कसं उतरलं ते त्या पेटीत आहे, आणि मला त्याची फार किंमत वाटते. सायगाव असो की आमचं गाव, अभ्यासकाला शेवटी असलंच काहीतरी हाती लागते आणि ते तिथं राहणाऱ्यालाच लागते.

काकूंनी पावत्यांचे फोटो काढायला हो म्हटलं आहे. तूर सवंगायच्या आधी ते काम उरकायचं, मग कृषी केंद्रवाल्या भाऊंकडंही जायचं. तीच उधारी त्यांच्या वहीतही मांडलेली असेल, आणि त्यांनाही कंपनीचे पैसे भरायचे होतेच, त्यांची बाजूही तितक्याच नीट लिहून घ्यायची आहे.