आज कट्ट झालं नाही

टेबलावरून उठून काकूंनी मान दोन्हीकडे फिरवून बघितली. "हलकं वाटतंय," म्हणाल्या. मग पर्स खांद्याला अडकवून दाराशी गेल्या आणि तिथून विचारलं, "आज कट्ट नाही झालं ना?" मी म्हटलं, आज गरज नव्हती. "असं होय," म्हणाल्या आणि गेल्या.

त्या 'असं होय'नं माझी अख्खी संध्याकाळ नासवली. मी ऑस्टिओपॅथ, म्हणजे दुखणाऱ्या स्नायू-सांध्यांवर हातानं उपचार करणारी. आणि कट्ट म्हणजे झटका दिल्यावर सांध्यातून येणारा आवाज.

तसं बघितलं तर काहीच घडलेलं नाही. येताना त्यांना डावीकडे बघायचं तर धडासकट वळावं लागत होतं, जाताना हनुवटी जवळजवळ खांद्याला लागली. कवटीच्या मागच्या कडेखाली जे बारके स्नायू असतात, तिथं बोटांची टोकं ठेवायची, डोक्याचं वजन त्यांच्यावर येऊ द्यायचं आणि थांबायचं. दाबायचं नाही, चोळायचं नाही. आधी बोटांखाली ताणलेल्या सुतळीसारखं लागतं. मग कधी मिनिटात, कधी बराच वेळ धीर धरल्यावर ते आपोआप सैल पडतं आणि हातातलं डोकं एकदम जड होतं. आज झालं तेव्हा काकूंनी लांब श्वास सोडला. मला वाटलं, कळलं त्यांना. कुठलं काय! आवाज आला नाही, म्हणजे हिनं आज नुसतं डोकं धरून ठेवलं आणि पैसे मात्र पुरते घेतले. (असं त्या म्हणाल्या नाहीत. मीच म्हणतेय.)

शिकायला लागले तेव्हाचं आठवतं. पुस्तकाच्या पानाखाली केस ठेवायचा आणि डोळे मिटून बोटानं शोधायचा. एका पानाखालचा सगळ्यांनाच सापडतो. मग दोन पानं, मग आणखी. मी घरी येऊनही तेच करत बसायचे. आई दारात उभी राहून बघायची आणि म्हणायची, एवढं शिकून शेवटी... जाऊ दे. तर त्या केसासाठी वर्गात कधी कोणी टाळी वाजवली नाही. टाळी पडली ती पहिला थ्रस्ट, म्हणजे सांध्याला द्यायचा तो झटका, नीट बसला तेव्हा. समोरच्या मुलीची पाठ अशी काही वाजली की मागच्या बाकावरचेही उठून बघायला आले. सर तेवढे म्हणाले, "आता परत तपासा, हालचाल वाढली का?" तोवर कोणाचं लक्ष होतं!

तो आवाज म्हणजे काय, तर बोटं मोडताना येतो तोच. सांध्याचे पृष्ठभाग झटक्यात दूर होतात, आतल्या द्रवातला दाब उतरतो आणि पोकळी तयार होते. कॅनडातल्या संशोधकांनी बोट ओढताना हे एमआरआयमध्ये टिपलं आणि २०१५ साली छापलं. म्हणून मग वाजवलेला सांधा पुढची वीसेक मिनिटं परत वाजत नाही. हाड 'बसत' वगैरे नाही, कारण ते उठलेलंच नसतं. शिवाय मान म्हणजे नुसते मणके नव्हेत. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तिथूनच जातात. झटक्यानं त्यांना इजा होणं दुर्मिळ आहे, पण झाली तर साधी नसते. हातानं भागत असेल तिथं मी झटका देत नाही. हे सगळं मी काकूंना सांगितलेलं आहे. त्या मनापासून मान डोलावतात आणि पुढच्या वेळी म्हणतात, "तेवढा तो मणका बसवून द्या."

दुपारचे साहेब तर फाईलच घेऊन येतात. हात लावायच्या आधी रिपोर्ट बघा म्हणतात. १९९४ सालचा एक अभ्यास आहे. कंबर दुखत नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून जास्त लोकांच्या मणक्यांमधली कुठली ना कुठली गादी फुगलेली होती. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पण माझी तर दुखते." त्यावर काय बोलणार.

म्हणजे डोळ्यांना दिसलं ते खरं, कानांना ऐकू आलं ते खरं. आणि मी दिवसभर वाकून बोटांनी जे वाचते ते काय? अंगठ्याच्या मुळाशी आता रोज ठणकतं, त्याबद्दल आज लिहीत नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि थोडी लाज वाटली. कारण बोटांचंही फार खरं नाही. आम्ही तिघी एकाच पाठीवर हात फिरवतो आणि 'इथं अडकलंय' म्हणून तीन वेगळ्या जागा दाखवतो. अभ्यासांतही तेच निघतं, नुसत्या चाचपण्यावर दोघांचं एकमत फारसं होत नाही. आमचंच जमत नाही, तर काकूंनी माझ्या बोटांवर भरवसा कशाच्या जोरावर ठेवावा? कट्ट निदान दोघींना एकाच वेळी ऐकू येतं.

आणि मी तरी काय! परवा काम संपल्यावर मैत्रिणीकडून पाठ करून घेतली. तिनं सगळं व्यवस्थित केलं, पाठ मोकळीही झाली, आणि मी पालथी पडूनच म्हणाले, "वाजलं नाही गं, परत बघ ना जरा." ती वीस मिनिटांचा हिशोब ऐकवायला लागली. मला! आवाज आला की माझं मलाही 'झालं' असं वाटतं, दुसऱ्याची पाठ असली तरी. पुढची तपासणी मी करते, पण खरं सांगायचं तर निकाल लागलेला असतो.

ज्यानं १८७४ मध्ये ही ऑस्टिओपॅथी जाहीर केली, तो अँड्र्यू टेलर स्टिल गावोगाव फिरायचा तेव्हा स्वतःची जाहिरात 'लाइटनिंग बोनसेटर' अशी करायचा. विजेच्या वेगानं हाड बसवणारा! रक्ताभिसरण, शरीराची स्वतःला सावरायची ताकद, हे सगळं त्याच्याही डोक्यात होतंच. पाटीवर मात्र हाड.

काकू परत येतील तेव्हा मानेला हातच लावायचा आहे, झटका नाही. पण खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधला पाठीचा भाग त्यांचा खरंच ताठ आहे, आजही वळताना तिथून काही हललं नाही. तिथला थ्रस्ट मानेपेक्षा बिनधोक, आणि बऱ्याच जणांचं तिथं वाजतंही. आधी तपासीन. तेव्हाही ताठ असेल तरच करीन. आवाजासाठी केलं असं उद्या मीच मला म्हणायला नको, म्हणून त्यांच्या कागदावर आत्ताच नोंद करून टाकली: पाठीचा वरचा भाग, वळण कमी, उजवीकडे जास्त. खाली आजची तारीख.