घड्याळ घेऊन स्वतःच्याच गिरणीत उभा राहिलेला मालक

मँचेस्टरच्या एका सभेत कुणीतरी म्हणालं की सूतगिरणीत काम करणारं पोर दिवसाकाठी चोवीस मैल चालतं. ऐकणाऱ्यांत एक गिरणीमालक होता, जॉन फील्डन. त्याला ते पटेना. दुसरा कुणी असता तर कामगार वाढवून सांगतात म्हणून सोडून दिलं असतं. हा घरी गेला, घड्याळ घेऊन स्वतःच्याच गिरणीत उभा राहिला, आणि एक पोर मशीनच्या मागेपुढे कसं पळतं, तुटलेला धागा सांधून पुन्हा कसं मागे येतं ते बघत बसला. मग गुणाकार केला. वीस मैलांच्या खाली आकडा येईना. 1836 मध्ये त्याने हे पार्लमेंटमध्ये उभं राहून सांगितलं, आपल्याच गिरणीचा हिशेब म्हणून.

वीस मैल म्हणजे बत्तीस किलोमीटर. लालबागहून निघालात तर ठाणं मागे टाकाल. आमचे आजोबा गिरणीच्या रिंगखात्यात, म्हणजे सूत कातणाऱ्या खात्यात होते. ते म्हणायचे, "मी रोज कल्याणला जाऊन येतो, पण खात्याच्या बाहेर पाऊल टाकत नाही." लहानपणी आम्हाला तो विनोद वाटायचा.

फील्डनचं गाव टॉडमॉर्डन. मँचेस्टरहून लीड्सकडे जाणाऱ्या आगगाडीवर हे स्टेशन लागतं. दोन्ही बाजूंनी डोंगर, मधे चिंचोळी दरी. जुनी हद्द अशी की अर्धं गाव लँकेशायरात आणि अर्धं यॉर्कशायरात. गावातल्या बागेत त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. मी बघायला गेले तेव्हा शेजारच्या बाकावर बसलेल्या बाईंना विचारलं, हे कोण? त्या म्हणाल्या, "दहा तासवाले." याहून चांगली ओळख मलाही करून देता आली नसती.

1784 चा जन्म. दहा वर्षांचा झाला न झाला तोच बापाने त्याला गिरणीत घातलं. तेव्हा त्यांच्याकडे दिवसाला दहाच तास काम असे, तरी संध्याकाळी येणारा थकवा आयुष्यभर विसरलो नाही, असं त्याने पुढे लिहून ठेवलंय. नंतर यंत्रं वेगाने फिरू लागली आणि तासही वाढले. फील्डन बंधू इंग्लंडातल्या बड्या कापूसवाल्यांपैकी एक झाले. तो कापूस अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला असायचा, हे विसरून त्याची आरती ओवाळण्यात अर्थ नाही.

1832 मध्ये तो ओल्डहॅममधून पार्लमेंटवर निवडून आला. त्याची अट एकच, सोबत जहाल पत्रकार विल्यम कॉबेटही निवडून आला पाहिजे. आला. पुढच्या वर्षी रॉबर्ट ओवेन या समाजवादी सुधारकाबरोबर त्याने चळवळ काढली: काम आठ तास, मजुरी बारा तासांचीच. ती फसली. हातमागवाल्यांना किमान मजुरी मिळावी म्हणून केलेली खटपटही फसली. तास कमी झाले की माल कमी निघेल आणि भाव टिकतील, असाही त्याचा हिशेब होता. मला त्यात खोट दिसत नाही. निव्वळ दयेवर चालणारा मालक असला तर त्याची मला जास्त भीती वाटते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यावर माझं मन अजून ठरत नाही. 1834 च्या नव्या कायद्याप्रमाणे गरिबांना घरी मदत मिळणार नव्हती. पोट भरायचं तर 'वर्कहाउस'मध्ये जायचं, आणि तिथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे. फील्डनने सांगितलं, आमच्या गावात हे चालणार नाही. कायदा राबवणारी स्थानिक मंडळी राजीनामे देईनात, तेव्हा 1838 च्या उन्हाळ्यात त्याने चक्क गिरण्याच बंद केल्या. गरिबांसाठी लढताना आपल्याच कामगारांची मजुरी डावावर लावली! त्या वर्षी नोव्हेंबरात दंगल झाली, घरं फुटली, लष्कर आलं. पण टॉडमॉर्डनात पुढची सुमारे चाळीस वर्षं वर्कहाउस उभं राहिलं नाही. ज्याच्या घरात संपाचे दिवस काढलेत, त्याला मालकाने गिरणीला कुलूप लावणं काय असतं ते सांगायला नको. तरीही माझं माप त्याच्याच बाजूला झुकतं, थोडंसं.

गिरणीतलं काम दिवसाला दहा तासांवर आणणारं बिल पार्लमेंटमध्ये लॉर्ड अ‍ॅशली हे खासदार लढवत होते. 1846 मध्ये त्यांनी जागा सोडली आणि ओझं फील्डनवर आलं. त्या वर्षी बिल दहा मतांनी पडलं. 1847 मध्ये मंजूर झालं. मंदीमुळे बऱ्याच गिरण्या तशाही कमी वेळ चालत होत्या, त्याचाही हातभार लागला. कायदा बायकांसाठी आणि तेरा ते अठरा वयाच्या पोरांसाठी होता, पण ते घरी गेले की पुरुष एकटे खातं काय चालवणार? काही आठवड्यांत निवडणूक आली आणि ओल्डहॅमने याच माणसाला पाडलं. 1849 मध्ये तो वारला. मालकांनी पाळ्यांची उलटापालट करून कायद्याला भोकं पाडली होतीच. 1850 मध्ये दहाचे साडेदहा तास झाले.

फील्डनच्या पोरांनी मग बापाच्या नावाने चर्च बांधलं. 1875 मध्ये टाउन हॉलही झाला, थेट दोन परगण्यांच्या हद्दीवर, खालून नदी. एका पोराने गिरणीतल्या विणकर मुलीशी लग्न केलं आणि टेकडीवर किल्ल्यासारखा वाडा उठवला. इमारती देखण्या आहेत. माझा जीव मात्र त्या गुणाकारातच अडकलाय.

आपल्याकडे 1881 चा पहिला कारखाना कायदा आला, तेव्हा सात ते बारा वर्षांच्या पोरांकडून नऊ तास काम घेणं कायदेशीर होतं. मोठ्यांच्या तासांना हातच लावला नव्हता. 1922 मध्ये मोठ्यांना अकरा तासांची मर्यादा आली आणि दहा तासांची यायला 1934 उजाडलं. तेव्हा आजोबा रिंगखात्यात होते. पण 1934 म्हटलं की ते कायद्याचं नाव काढत नसत. त्यांना आठवायचा तो त्या वर्षीचा संप, पगारकपातीविरुद्धचा.