आल्समीरचा फुलबाजार

एमबीएचं एक सत्र नेदरलँड्समध्ये, रॉटरडॅमला करतेय. आज वर्गाऐवजी याच देशातल्या आल्समीर गावचा फुलांचा लिलाव पाहिला. इथे भाव चढत नाही, उतरतो! पडद्यावरच्या घड्याळात आकडा झरझर खाली येतो आणि जो आधी बटण दाबेल, माल त्याचा. लासलगावात कांद्याची बोली चढताना पाहत मोठी झालेली मी बघतच राहिले. केनिया, इथिओपियाचे गुलाबही इथे येतात.

पण मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. हा एवढा बाजार फूल उत्पादकांच्याच सहकारी संस्थेचा आहे! १९६८ मध्ये इथल्या दोन प्रतिस्पर्धी लिलाव संस्था एकत्र आल्या, त्यातून हा वाढला. प्रकल्पाचा विषय ठरला: शेतकरीच मालक असलेल्या बाजारात विक्रीचे पैसे त्याच्या हाती किती लवकर पडतात? नाशिककडचे गुलाब उत्पादक कुणी असाल तर मला तुमचा अनुभव नक्की सांगा.