भट्टीच्या दारातून परत आलेले तीन ट्रान्सफॉर्मर

दुपारी फोनवर फोटो आला. भोसरीतल्या एका पावडर कोटिंगच्या शेडमधलं टेबल आणि त्यावर ओळीने मांडलेले तीन गंजके ट्रान्सफॉर्मर. खाली काकांचा प्रश्न : ‘रंग झाला की परत जोडून द्याल ना?’

आकार पाहूनच ओळखलं. डायनाको स्टिरिओ ७०. फिलाडेल्फियात डेव्हिड हॅफ्लरच्या कंपनीने १९५९ मध्ये काढलेला व्हॉल्व्ह अँप्लिफायर, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा. ईएल ३४ जातीचे चार व्हॉल्व्ह, प्रत्येक बाजूला ३५ वॉट. काकांच्या थोरल्या भावाने तो अमेरिकेहून आणला होता आणि पुढे तो बरीच वर्षं रत्नागिरीच्या घरात पडून होता. खाऱ्या हवेने लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. पुतण्याने तारा डिसोल्डर करून, कागदी टेपवर खुणा करून ट्रान्सफॉर्मर मोकळे केले होते.

मी लगेच फोन लावला. “काका, आधी ते टेबलावरच राहू द्या. कुणालाही हात लावू देऊ नका. मी निघालोच.”

पावडर कोटिंगच्या आधी धातू टाक्यांतून जातो : तेल काढायचं, धुवायचं, आम्लाने गंज उतरवायचा, फॉस्फेट चढवायचं. मग पावडर आणि मग साधारण १८० ते २०० अंशांची भट्टी. गेटच्या जाळीला हे उत्तम. पण ट्रान्सफॉर्मरच्या पोटात कागद आहे, वार्निश आहे, केसासारखी बारीक इनॅमलची तार गुंडाळलेली आहे, तेच वाइंडिंग. आम्लाचं पाणी तिथे शिरलं तर बाहेर येत नाही. त्यावर भट्टीचा ताप! साठ वर्षं टिकलेलं वाइंडिंग एका संध्याकाळीत संपलं असतं, आणि वरून ट्रान्सफॉर्मर नवाकोरा दिसला असता.

पोचलो तेव्हा शेडमधले कारागीर हातात ग्राइंडर घेऊन उभे होते. “टाकीत नको तर नको, पण पत्र्यांच्या कडा तरी घासून देतो,” म्हणाले. माणूस मनापासून मदत करत होता. मी त्यांना जवळ बोलावून कडा दाखवल्या. ट्रान्सफॉर्मरचा गाभा म्हणजे एकावर एक रचलेले स्टॅम्पिंगचे पत्रे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे, आणि प्रत्येकावर इन्सुलेशनचा पातळ थर. म्हणूनच गाभ्यात एडी करंट, म्हणजे लोखंडातच गोल फिरून ते तापवणारे प्रवाह, मोठे होत नाहीत. ग्राइंडर फिरला की धातूची किनार शेजारच्या पत्र्यावर ओढली जाते, पत्रे एकमेकांना चिकटतात, ट्रान्सफॉर्मर तापायला लागतो. त्यांनी कडेवरून नख फिरवून पाहिलं आणि ग्राइंडर खाली ठेवला.

“मग ही झाकणं?”

गाभ्यावर बोल्टने बसवलेली ही पत्र्याची झाकणं द्यायचीच होती. तिथेच बसलो. पत्र्यांची चळत क्लॅम्पमध्ये धरून बोल्ट काढले, नाहीतर पत्रे सैल होतात आणि पुढे गुरगुरतात. झाकणं त्यांच्याकडे सोपवली, गाभे मी गाडीत घातले. रंगावर मात्र आमचं बराच वेळ चाललं. काकांना चकचकीत काळा हवा होता. मूळचा इतका चमकत नाही. चकाकी चढली की सबंध यंत्र खेळण्यासारखं दिसतं. मी हट्टाने अर्धचमकीचा काळा घ्यायला लावला. एका झाकणावर छोटा पोचा होता, तो ठोकून काढायलाही नको म्हटलं. ते वय त्या वस्तूचं आहे.

दुकानात आल्यावर पत्र्यांच्या कडांचं काम हातानेच केलं. बारीक पॉलिश पेपर, पत्र्यांच्या दिशेनेच, आडवा कधीच नाही. धूळ कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढली. गंज काळा करणारं रसायन ब्रशच्या टोकाने, ओघळ येणार नाही इतकंच. ते वाळल्यावर काळ्याचा एक पातळ हात.

त्याआधी तारा मास्किंग टेपने पूर्ण झाकल्या होत्या. स्पीकरकडे जाणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची निळी आणि निळी-पांढरी तार उलटी लागली तर फीडबॅकची, म्हणजे आउटपुटमधून परत आत येणाऱ्या सिग्नलची, दिशा बदलते आणि अँप किंचाळतो. शेडमधल्या टाकीत तारांचे हे रंग उडाले असते, तर पुतण्याच्या कागदी टेपचाच भरवसा. ती टेप टाकीत किती टिकली असती?

झाकणं आली, सुरेख झाली होती. भोसरीच्या त्या माणसाने आतल्या बाजूला, जिथे ती गाभ्यावर बसतात, तिथे न सांगता टेप लावून धातू मोकळा ठेवला होता. अर्थिंग नीट मिळावं म्हणून. मी त्यांना फोन करून आभार मानले.

मग मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र. वाइंडिंग ते गाभा आणि वाइंडिंग ते वाइंडिंग, सगळं चांगलं. मेन ट्रान्सफॉर्मर अमेरिकी व्होल्टेजचा, म्हणून आपली वीज उतरवणाऱ्या स्टेपडाउनवर, वाटेत सिरीज बल्ब; आत शॉर्ट असेल तर तो पेटलेलाच राहतो. बल्ब क्षणभर लकाकला आणि मंद झाला. हाय टेन्शनच्या, म्हणजे व्हॉल्व्हना लागणाऱ्या जास्त व्होल्टेजच्या, दोन्ही बाजू ३६० व्होल्टच्या थोड्या वर, लोड नसताना तसंच असायला हवं. तासभर चालू ठेवून हात लावला : कोमट.

काका पुतण्याला घेऊन आले. डाख त्यानेच दिले, मी शेजारी बसून एकेक तार वाचून दाखवत होतो.