तुम्ही विचारलंत म्हणून : आधी पिक्चर की आधी पुस्तक?

"बाई, पुस्तक कशाला वाचूलाय? पिक्चर येऊलालाय की!" २०२५च्या जानेवारीत नववीतल्या एका मुलाने स्टाफरूमच्या दारात उभे राहून मला हा सल्ला दिला. माझ्या हातात तेव्हा शिवाजी सावंतांची 'छावा' होती आणि फेब्रुवारीत त्याच नावाचा हिंदी सिनेमा यायचा होता. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका गावात मी मराठी शिकवते, आणि शाळेच्या वाचनालयाच्या कपाटाची किल्लीही माझ्याकडेच असते. त्यामुळे साहसाच्या गोष्टींविषयीचा हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्यापर्यंत येतोच. मुले विचारतात की आधी पिक्चर बघू की आधी पुस्तक वाचू. पुण्याचे नातेवाईक विचारतात की मराठीच्या बाई असून कन्नड सिनेमांचे एवढे कौतुक कशासाठी. तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

साहसाची गोष्ट पडद्यावर असो की कागदावर, तिच्यात वाट दिसते का, एवढेच मी पाहते. वाट म्हणजे अक्षरशः पायाखालची वाट. आमच्या भागात पावसाळ्यात जांबोटीहून कणकुंबीकडे गेलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रानातले चार कोस म्हणजे किती वेळ, ओढ्याला पाणी आले तर कुठे थांबायचे, भिजलेले घोंगडे किती जड होते, हे येथल्या म्हाताऱ्यांना अंगाने ठाऊक असते. त्यामुळे पडद्यावरचा नायक एका क्षणी गडाच्या पायथ्याशी आणि पुढच्या क्षणी बुरुजावर दिसला, की तो वर पोहोचतो, मी मात्र पायथ्याशीच राहते.

अशक्य गोष्टींना माझी हरकत आहे असा याचा अर्थ नव्हे. 'आरआरआर'मधला पुलावरचा प्रसंग आठवा. खाली नदीत आग पसरली आहे, आगीच्या मधोमध एक मुलगा अडकला आहे, आणि एकमेकांना न ओळखणारे दोन पुरुष केवळ हातांच्या खुणांनी बेत ठरवतात. एक घोड्यावर, एक मोटारसायकलवर. दोघांमध्ये एकच दोर, आणि पुलाच्या दोन बाजूंनी दोन उड्या. असे कुणालाही कधीही करता येणार नाही, हे चौथीतल्या मुलालाही कळते. तरीही मी श्वास रोखून बसले होते, कारण दोराचे कोणते टोक कोणाकडे आहे, पूल किती उंच आहे, मुलगा कुठे आहे, हे दिग्दर्शकाने आम्हांला आधी नीट दाखवले होते. अशक्य असले तरी ते हिशेबातले होते. याउलट 'केजीएफ'चे दोन्ही भाग मला गोंगाट वाटले. त्या नायकाला भीती वाटत नाही, दम लागत नाही, आणि ज्याला दम लागत नाही त्याचे पुढे काय होणार याची मला काळजीही वाटत नाही. गोष्ट सांगणाऱ्या लेखकाचे आडनाव मात्र इंगळगी आहे, हे पाहून आमच्या रांगेत खसखस पिकली होती. असल्या गावनावांची आडनावे आमच्याकडे हजेरीपटात सापडतात.

'कांतारा'ची गोष्ट निराळी. २०२२ साली तो आला तेव्हा मी तो बेळगावात कन्नडमधूनच पाहिला. तो ज्याभोवती फिरतो तो भूतकोला हा कर्नाटकाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या तुळुनाडूचा, दैवत अंगात येण्याचा विधी आहे. आमच्याकडे तो नाही, आणि संवादांतले किनारपट्टीचे कन्नड मला निम्मेच समजत होते. पण वनाधिकारी येऊन जंगलाची हद्द आखू लागतो आणि गावकरी त्याला आडवे जातात, त्या प्रसंगाला माझ्या शेजारी बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी मराठीत, अगदी हळू, "आमच्यातलाच फॉरेस्टवाला हा," असे म्हटले. आमच्या तालुक्यातले भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. त्या रानातल्या गावांतून मराठी बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, आणि आजारी माणसाला डोलीतून खाली आणणे म्हणजे काय हे त्यांना सिनेमाने शिकवायची गरज नाही. रिषभ शेट्टी यांनी लिहिलेल्या, दिग्दर्शित केलेल्या आणि स्वतःच केलेल्या त्या भूमिकेत मला जे आवडले ते शेवटच्या वीस मिनिटांतले अंगात येणे नव्हे (ते अर्थातच थरारक आहे), तर आधीचा दीड तास रानातून धावताना, चिखलात पडताना, डुकराच्या मागे जाताना त्या माणसाचे अंग त्या जमिनीला सरावलेले दिसते, ते. पुण्याच्या नातेवाइकांना माझे उत्तर एवढेच, की मी कन्नड सिनेमाचे कौतुक करत नाही, मी चिखलाचे कौतुक करते.

२०२५चा 'कांतारा : अ लेजंड चॅप्टर १' मात्र मला तितका पटला नाही. तो मागे कदंबांच्या काळात जातो. येथे एक स्थानिक गंमत अशी, की बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी पलाशिका म्हणजे आमच्या तालुक्यातले हलशी. सिनेमा पाहून आलेल्या दोन मुली दुसऱ्याच दिवशी, "बाई, ते कदंब आणि हलशीचे कदंब एकच काय?" असे विचारत आल्या, आणि इतिहासाच्या सरांना जे वर्षभरात साधले नव्हते ते एका रविवारी साधले. सिनेमाला याचे श्रेय मी देते. पण राजवाडे, रथ आणि सैन्य यांच्या गर्दीत पहिल्या भागातली ती पायाखालची ओली जमीन हरवली.

त्याच वर्षी सप्टेंबरात मराठीत 'दशावतार' आला, आणि तो पाहण्याचीच एक छोटी साहसकथा झाली. मराठी सिनेमाला आमच्याकडे पडदा मिळतो तो बहुधा अडनिड्या वेळेचा. मी आणि माझ्या सासूबाई दुपारच्या खेळाला पोहोचलो तेव्हा तिकीट खिडकीवरच्या मुलाने सांगितले की आणखी चारपाच माणसे आली तरच खेळ सुरू होईल. सासूबाईंनी पदर खोचला, बाहेर रस्त्यावर गेल्या, आणि बसथांब्यावर उभ्या असलेल्या तीन बायकांना आणि एका कॉलेजच्या मुलाला घेऊन आल्या. खेळ झाला. त्या मुलाच्या तिकिटाचे पैसे सासूबाईंनी दिले, हे मला घरी आल्यावर कळले.

त्या सिनेमाचा नायक बाबुली मेस्त्री हा कोकणातला थकलेला दशावतारी कलाकार, आणि ती भूमिका करणारे दिलीप प्रभावळकर त्या वर्षी ८१ वर्षांचे होते. दिसत नाही, गुडघे साथ देत नाहीत, आणि तरीही रात्रीच्या खेळासाठी तोंडाला रंग लावायचा, हे साहस मला कुठल्याही तलवारबाजीपेक्षा खरे वाटते. उत्तरार्ध जरा जास्तच ओरडतो, संवादांना टाळ्या हव्या आहेत हे लपत नाही. पण तो म्हातारा चालताना आधी पाय चाचपतो आणि मग टेकतो, तेवढ्यासाठी मी तो दुसऱ्यांदा पाहीन.

प्रभावळकरांवरून 'फास्टर फेणे'ची आठवण होणे अपरिहार्य आहे, कारण २०१७च्या त्या सिनेमात त्यांनी खुद्द त्या पुस्तकांचे लेखक भा. रा. भागवत यांचीच भूमिका केली आहे. अमेय वाघ मला आवडला, गिरीश कुलकर्णींचा खलनायक तर फारच. पण मोठा झालेला बन्या, म्हणजे फास्टर फेणे, हा माझा बन्या नव्हे. माझा बन्या फुरसुंगीचा, काडीसारखा, सायकल मारत निघालेला आणि जिभेने 'ट्टॉक' करणारा. त्या पुस्तकांत सायकल फार महत्त्वाची आहे. ती पंक्चर होते, चढाला जड जाते, उताराला आवरत नाही. त्यामुळे बन्या किती दूर आला आहे हे वाचणाऱ्या मुलाला पोटऱ्यांत कळते. आमच्या कपाटातल्या त्या मालिकेच्या प्रती इतक्या वापरल्या गेल्या आहेत की दोन पुस्तकांना शेवटचे पान नाही. शेवट काय झाला असेल ते मुलांनी स्वतः लिहून आणावे असे मी एकदा सुचवले. त्यांतले दोन शेवट मी जपून ठेवले आहेत.

जुन्या पुस्तकांचा विषय निघालाच आहे, तर नाथमाधवांचे एक वाक्यही न उद्धृत करता एक गोष्ट सांगते. 'वीरधवल' लिहिणारा हा माणूस ऐन तारुण्यात सिंहगडाच्या कड्यावरून पडला, कमरेखाली लुळा झाला, आणि त्यानंतर लेखनाकडे वळला. घोडदौडी, भुयारे आणि कपटी सरदार यांनी भरलेल्या त्या कादंबऱ्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाने लिहिल्या, हे कळल्यापासून मला त्यांच्यातला एकही कडा खोटा वाटत नाही. भाषा आजच्या मुलांना जड जाते, हे मान्य. मी मोठ्याने वाचून दाखवते, म्हणजे चालते.

आता 'छावा'. सिनेमा मी पहिल्याच आठवड्यात पाहिला. विकी कौशलने जीव ओतला आहे, आणि अक्षय खन्नाचा औरंगजेब जवळजवळ काही न करता पडदा व्यापतो. पण बुऱ्हाणपूरच्या छाप्यापासून संगमेश्वरापर्यंत मी एकच प्रश्न मनात घेऊन बसले होते : हे सगळे कुठून कुठे चालले आहेत? सावंतांची कादंबरी विस्तारलेली आहे, अलंकारांनी कधी कधी दमवतेही, परंतु ती वाचकाला वर्षांमधून चालवत नेते. राजाच्या अंगावर एकेक स्वारी कशी चढत गेली ते जाणवते. सिनेमाने शेवटच्या यातना सविस्तर दाखवल्या. थिएटरात लोक रडत होते, मीही रडले, आणि बाहेर आल्यावर स्वतःवर थोडी रागावले, कारण मला हवी होती ती दुसरी रात्र. १६८३ साली पोर्तुगीज विजरईने (व्हाइसरॉयने) फोंड्याला वेढा घातला, तो फसला, आणि पुढे संभाजीराजांच्या लोकांनी ओहोटीची वेळ साधून खाडी ओलांडली व गोव्याच्या तोंडाशी असलेले जुवे बेट रात्रीतून घेतले. ओहोटी! पाणी किती वेळ उतरलेले राहील, परत भरती कधी येईल, चिखलात पाय किती रुततील, यांवर सगळा डाव. साहसाला याहून चांगली वाट कोणती हवी? चोर्ला घाट उतरला की तो मुलूख आमच्यापासून दोन-तीन तासांवर आहे. ती रात्र कुणी नीट चित्रित केली, तर तिकिटासाठी माणसे गोळा करायला सासूबाईंना बसथांब्यावर जावे लागणार नाही.

'पावनखिंड'विषयी मी जरा पक्षपाती आहे, हे आधीच कबूल करते. १६६०च्या जुलैतली पन्हाळा ते विशाळगड ही वाट म्हणजे स्वतःच एक गोष्ट. पाऊस, काळोख, पाठलाग आणि घोडखिंड. २०२२च्या सिनेमात अजय पूरकरांचे बाजीप्रभू शोभले आहेत, आणि पालखी खांद्यावरून पळवणाऱ्या माणसांची धाप ऐकू येते तेवढा भाग मला मनापासून आवडला. लढाई सुरू झाल्यावर मात्र रक्त संथ गतीने उडू लागते आणि मला घड्याळ आठवते. त्याच नावाची रणजित देसाई यांची छोटी कादंबरी आहे. सिनेमा तिच्यावर बेतलेला नाही, पण मुलांना मी दोन्ही देते. देसाई कोवाडचे, म्हणजे ताम्रपर्णीच्या काठचे, राज्याची हद्द सोडली तर आमचे शेजारीच. त्यांच्या पुस्तकात बाजी आधी माणूस म्हणून ओळखीचे होतात, म्हणून खिंडीत ते थांबतात तेव्हा कोण थांबले आहे हे आपल्याला कळते.

शेवटी एक कन्नड कादंबरी, कारण तिच्याविषयी मला कुणी विचारत नाही आणि मला सांगायचे असते. पूर्णचंद्र तेजस्वी यांची 'कर्वालो'. कर्नाटकातल्या डोंगराळ मलनाडातला एक शेतकरी, एक शास्त्रज्ञ, मंदण्णा नावाचा रानाची नस ओळखणारा बेभरवशाचा तरुण, एक कुत्रा, आणि ते सारे मिळून शोधायला निघतात ते एका उडणाऱ्या सरड्याला. खजिना नाही, खलनायक नाही. माझे कन्नड शाळेपुरते; शेजारच्या अक्कांना शब्द विचारत विचारत मी ती दीड महिन्यात वाचली. अडखळत वाचल्याचा फायदा असा झाला की ती मंडळी जितक्या सावकाश घाटाच्या कड्यापर्यंत गेली, तितक्याच सावकाश मीही गेले, आणि तो सरडा कड्यावरून खालच्या पोकळीत तरंगत निघून गेला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ अंगणात बसले.

तर आधी पुस्तक की आधी पिक्चर? जे आधी हाती लागेल ते. पण जमलेच तर त्यानंतर ती जागा पाहून यावी. 'छावा' पाहिल्यावर दारात उभे राहून सल्ला देणाऱ्या त्या मुलाला आणि आणखी काही जणांना मी नेसरीला नेले. बेळगावहून सकाळी निघाले तर दुपारी परत येता येते. आदिलशाही सरदार बहलोलखानाला उमराणीजवळ कोंडीत धरून सोडून दिले, महाराजांचा रोष पत्करला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, राज्याभिषेकाला तीन-साडेतीन महिने उरले असताना, प्रतापराव गुजर आपल्या सहा साथीदारांसह येथे शत्रूच्या फौजेवर चालून गेले. मुलांनी आधी मोबाईलवर फोटो काढले. मग तो मुलगा थोडा पुढे चालत गेला, परत आला, पुन्हा पुढे गेला. पावले मोजत असावा. परत येऊन त्याने मला विचारले, "बाई, त्या सहा जणांना त्यांनी बोलवून घेतलं, की तेच आपले मागून गेले?"

मी त्याला सांगितले की मलाही ठाऊक नाही. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि कोवाड मागे पडेपर्यंत एक शब्द बोलला नाही.